‘टाइप १० म्हणजे काय?’ : सभेच्या जाणत्यांना खुलं पत्र

आपल्या सभेच्या संयोजकांना, आणि माहिती सुरक्षेच्या क्षेत्रात दहा-वीस वर्षं काढलेल्या सगळ्याच ज्येष्ठ मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात मासिक सभेची सूचना आली. चारच ओळी होत्या. पुढच्या महिन्यापासून सुरुवातीचा ‘नवख्यांचा तास’ बंद. सभेला यायचं तर क्षेत्रातला किमान दोन वर्षांचा अनुभव हवा, नसेल तर दोन जुन्या सभासदांची शिफारस हवी. नव्या मुलांना मार्गदर्शक जोडून देण्याचा उपक्रम ‘तूर्त स्थगित’. आणि कारण काय, तर चर्चेची पातळी घसरते आहे.

मी या सभेला अकरा वर्षं येतोय. दोनदा संयोजन केलंय, खुर्च्या मांडल्यात, ऐन वेळी प्रोजेक्टरची वायर शोधत धावलोय. तेव्हा ही बाहेरून मारलेली दगडफेक नाही. आधी खासगीत बोललो. ‘बघू’ असं उत्तर मिळालं. पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती, कधी लावणार असं विचारल्यावर आपल्याला जे ‘बघू’ ऐकवलं जातं, हे त्याच जातीचं होतं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

तक्रारींच्या आधी माझा स्वतःचा गुन्हा सांगतो. तो सांगितल्याशिवाय मला हे पत्र लिहायचा अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका सॉकमध्ये, म्हणजे चोवीस तास लॉग (संगणकांच्या नोंदी) आणि अलर्टवर नजर ठेवणाऱ्या कक्षात, शिफ्ट लीड होतो. हाताखाली एक मुलगी नव्याने रुजू झाली. तिसऱ्याच आठवड्यात तिने भर बैठकीत विचारलं, “सर, लॉगऑन टाइप ३ आणि टाइप १० यांत फरक काय?” विंडोजच्या लॉगमध्ये ४६२४ क्रमांकाची नोंद दिसली की समजायचं, कुणीतरी यशस्वीपणे लॉगइन केलं. ते कुठल्या वाटेने केलं, हे टाइपवरून कळतं. ३ असेल तर नेटवर्कवरून, समजा शेअर केलेलं फोल्डर उघडलं. १० असेल तर रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे माणूस जणू त्या मशीनसमोर येऊन बसला. सांगायला वीस सेकंद लागतात. मी ते वीस सेकंद दिले नाहीत. म्हटलं, “हे येत नसताना इंटरव्ह्यू कसा काढलास?” सगळे हसले. मीही हसलो. तीही हसली, ते जास्त वाईट.

दोनेक महिन्यांनी, रात्रपाळीत, पावणेतीनच्या सुमारास तिच्यासमोर एक अलर्ट आला. बॅकअपच्या सॉफ्टवेअरसाठी काढलेलं सर्व्हिस अकाउंट एका सर्व्हरवर लॉगइन झालं होतं, टाइप १० ने. असं अकाउंट माणसाने वापरायचंच नसतं. सॉफ्टवेअर काही रिमोट डेस्कटॉप उघडून बसत नाही. तिला खटकलं. मला मेसेज लिहायला घेतला, पुसला. परत लिहिला, परत पुसला. शेवटी तिकिटावर, म्हणजे त्या अलर्टच्या नोंदीवर, ‘बहुधा मेंटेनन्स’ असा शेरा मारून तिने ते बंद केलं. सकाळच्या पाळीने पाहिलं तोवर घुसखोराला पाच तास मिळाले होते. तीन सर्व्हर पुसून नव्याने उभे करावे लागले.

चौकशीच्या वेळी तिने आपली वही समोर ठेवली. त्या रात्रीच्या पानावर लिहिलं होतं: ‘२:४७. टाइप १० = रिमोट डेस्कटॉप, शोधलं. बॅकअपचं अकाउंट असं येतं का? सरांना विचारू?’ आणि पुढे, दोनदा अधोरेखित केलेलं, ‘नको.’

अहवालात मूळ कारण म्हणून ‘सर्व्हिस अकाउंटचा कमकुवत पासवर्ड’ असं गेलं. ते खोटं नव्हतं. पण वही मी वाचली होती.

तुम्ही म्हणता, आधी शोधून या, मग विचारा. तिने शोधलं होतं हो. टाइप १० चा अर्थ शोधून सापडतो. आपल्या कंपनीत, आपल्या सर्व्हरवर, रात्री पावणेतीनला हे नेहमीचं आहे की नाही, ते शोधून सापडत नाही. ते शेजारच्या माणसाला विचारावं लागतं, आणि विचारायची सवय नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांत एकतर लागते किंवा कायमची मोडते. नवख्यांचा तास मला हवा आहे तो एवढ्यासाठी. दयाबुद्धीचा यात काही संबंध नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार अनुभवाच्या अटीबद्दल. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, हा गुंता या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात असतो. ‘फ्रेशर चालेल’ अशा जाहिरातीत सीआयएसएसपी हे माहिती सुरक्षेचं प्रमाणपत्र मागितलेलं मी स्वतः पाहिलं आहे. त्या प्रमाणपत्राला आठ विषयांपैकी किमान दोन विषयांत मिळून पाच वर्षांचं पगारी काम लागतं. फ्रेशरने ते आणायचं कुठून? गंमत अशी की ते प्रमाणपत्र देणारी आयएससी-टू ही संस्थासुद्धा इतकी कडक नाही. अनुभव नसला तरी ती परीक्षेला बसू देते, उत्तीर्ण झालेल्याला ‘असोसिएट’ म्हणून घेते आणि पाच वर्षांचा अनुभव जमवायला सहा वर्षांची मुदत देते. हा गुंता थोडातरी सुटायचा अशी जागा म्हणजे आपली सभा होती. इथे येऊन लोक एकमेकांना भेटायचे, कुणीतरी म्हणायचं, ‘आमच्याकडे लॉग बघायला माणूस हवाय, येतोस का?’ तीच अट तुम्ही सभेच्या दाराला लावलीत.

दुसरी तक्रार ‘पातळी’ या शब्दाबद्दल आहे आणि ती जरा लांब आहे.

१९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकाच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत निघाली. ती शोधायचं काम क्लिफर्ड स्टोल नावाच्या माणसाकडे आलं. हा माणूस मूळचा खगोलशास्त्रज्ञ. ७५ सेंटवरून त्याने जो माग काढला तो थेट पश्चिम जर्मनीतल्या, केजीबीला माहिती विकणाऱ्या टोळीपर्यंत गेला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला एसएसएचचं, म्हणजे दूरच्या मशीनशी सुरक्षितपणे जोडण्याच्या सोयीचं, लॉगइन नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद उशिरा होतंय असं दिसलं. सुरक्षा हा त्याचा विषय नव्हता. तरी त्याने पाठ सोडली नाही, आणि एक्सझेड या लिनक्समध्ये सर्रास असणाऱ्या कॉम्प्रेशनच्या साधनात, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, कुणीतरी मागचं दार बसवून ठेवलंय हे उघडकीला आलं. अजून काही आठवडे गेले असते तर ते जगभरच्या सर्व्हरवर पोचलं असतं.

हे दोघेही, त्या त्या वेळी, तुमच्या नव्या नियमाने दारातून परत गेले असते.

आपण जिथून शिकलो ते तरी आठवा. १९९६ मध्ये फ्रॅक या हॅकरांच्या नियतकालिकाच्या ४९व्या अंकात ‘अलेफ वन’ अशा टोपणनावाने कुणीतरी स्टॅक बफर ओव्हरफ्लो (मेमरीतल्या नेमून दिलेल्या जागेत मावेल त्याहून जास्त डेटा घुसवणं) कसा घडतो ते पायरीपायरीने, असेंब्ली या मशीनजवळच्या भाषेच्या एकेका ओळीसकट, समजावून सांगितलं. पुढच्याच वर्षी ५१व्या अंकात एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या साधनाचा सोर्स कोड छापून आला. वाचणाऱ्याला कुणी अनुभवाचा दाखला विचारला नव्हता. आणि आज हजारोंची गर्दी खेचणारं डेफ कॉन हे हॅकर संमेलन १९९३ मध्ये सुरू झालं ते एका मित्राला निरोप द्यायच्या पार्टीतून, तोही मित्र आधीच गाव सोडून गेलेला. पातळी वगैरे नंतर आली.

एक्सझेडचा विषय निघालाच आहे तर तुमच्यापैकी एकाने मला जे ऐकवलं त्याला इथेच उत्तर देतो. “नवख्याला जवळ केलं म्हणूनच तर एक्सझेड झालं,” असं ते म्हणाले. मुद्दा चांगला आहे. मी त्यावर दोन रात्री विचार केला. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणारी व्यक्ती, किंवा व्यक्तींचा गट, २०२१ पासून त्या प्रकल्पाला पॅच पाठवत होता. गोड बोलणारा, मेहनती, कधी न चिडणारा. दुसरी काही अकाउंट्स येऊन प्रकल्प सांभाळणाऱ्यावर ‘किती उशीर, दुसऱ्या कुणाकडे सोपवा’ असा दबाव आणत होती. तो सांभाळणारा एकटा होता, थकलेला होता, आपल्या मनःस्थितीबद्दल त्याने उघडपणे लिहिलंही होतं. शेवटी त्याने किल्ल्या दिल्या.

आता तुमच्या अटी या प्रकरणाला लावून बघा. दोन वर्षांचा अनुभव? जिया टॅनकडे होता, त्याच प्रकल्पातला. शिफारशी? त्यासाठी तर बनावट अकाउंट्स तयारच होती. तुमच्या गाळणीतून तो अलगद पार झाला असता. अडकली असती ती माझ्या सॉकमधली मुलगी. एक्सझेड झालं ते सांभाळणाऱ्याच्या शेजारी दुसरं कुणीच बसलेलं नव्हतं म्हणून. नव्या माणसाला बसायला जागा देणं एक, आणि तिजोरीच्या किल्ल्या देणं वेगळं. गरजेपुरतेच अधिकार द्यावेत हे तत्त्व आपण सगळ्या जगाला शिकवतो, मग आपल्या सभेत आपल्याला सगळ्यांना ॲडमिन करणं किंवा सगळ्यांना ब्लॉक करणं एवढे दोनच पर्याय का सुचावेत?

तिसरी तक्रार माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर आहे. परवानगीची रेषा नव्या मुलांना कोण दाखवणार?

गेल्या वर्षी शेवटच्या रांगेत एक विशीतला मुलगा उभा राहिला. एका सेवेच्या संकेतस्थळावर आपलं बिल बघताना पत्त्याच्या शेवटचा आकडा त्याने सहज एकने वाढवला, आणि दुसऱ्याच कुणाचं बिल समोर आलं. नाव, पत्ता, सगळं. आयडॉर, म्हणजे नुसता आकडा बदलून दुसऱ्याची माहिती दिसू देणारी त्रुटी, अगदी पुस्तकातलं उदाहरण. त्याने विचारलं, “आता मी हे कुणाला सांगू?” मागून कुणीतरी म्हणालं, “आधी वकील बघ.” हशा पिकला. सूत्रसंचालकांनी पुढचा विषय घेतला.

त्याला एकाने तरी विचारायला हवं होतं: किती बिलं उघडलीस? एकच ना, मग तिथेच थांब. काही उतरवून ठेवलं असशील तर त्याचं काय करायचं ते आधी ठरवू. त्या संकेतस्थळावर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी नावाची फाइल आहे का बघ. अशा वेळी कुणाशी संपर्क साधायचा हे लिहून ठेवण्यासाठीच तिचं प्रमाण स्वरूप २०२२ मध्ये आरएफसी ९११६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आलं. नसेल तर देशाच्या सर्टकडे, म्हणजे संगणक सुरक्षेच्या घटना हाताळणाऱ्या यंत्रणेकडे, कळव. काय केलंस, किती वाजता केलंस, साध्या भाषेत लिहून ठेव. बढाई मारू नकोस, पैसे मागू नकोस, आणि उत्तर येईपर्यंत कुठेही टाकू नकोस. पाच मिनिटांचं काम. तो मुलगा पुन्हा आला नाही. पुढे त्याने ते कळवलं, दडवलं की विकलं, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही.

कुतूहल शिक्षेच्या भीतीने थांबत नाही, हे आपल्या क्षेत्राला १९८८ पासून ठाऊक आहे. २ नोव्हेंबरला ज्या वर्मने, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणाऱ्या प्रोग्रामने, तेव्हाचं इंटरनेट लोळवलं तो सोडणारा रॉबर्ट मॉरिस हा पदव्युत्तर विद्यार्थी होता आणि वर्म स्वतःच्या किती प्रती काढेल हा त्याचा अंदाज साफ चुकला होता. त्यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिली सर्ट उभी राहिली. आजच्या मुलाला सराव करायला निदान सुरक्षित जागा तरी आहेत: मुद्दाम भोकं ठेवून बनवलेलं ओवास्प या संस्थेचं ज्यूस शॉप आहे, शाळकरी मुलांनाही झेपेल असं पिकोसीटीएफ आहे, लिनक्सच्या कमांडपासून सुरू होणारं ओव्हर द वायरचं बॅंडिट आहे. सगळं फुकट. पण ‘इथे कर, तिथे करू नकोस’ हे सांगणारा माणूस लागतो. आपण सांगितलं नाही तर ‘नव्वद दिवसांत हॅकर व्हा’ म्हणणारे क्लासवाले सांगतील, आणि त्यांच्या अभ्यासक्रमात ‘स्कोप’ (कुठवर हात लावायची परवानगी आहे त्याची हद्द) हा शब्द कुठे असतो ते मी अजून शोधतोय.

आणखी एक, थोडक्यात. सभेला आलेल्या बाईमाणसाला ‘तुम्ही एचआरमधून का?’ हा प्रश्न मी माझ्या कानांनी तीनदा ऐकला आहे. त्यातल्या एक जण फर्मवेअरचं, म्हणजे उपकरणातच बसवलेल्या सॉफ्टवेअरचं, रिव्हर्स इंजिनिअरिंग करतात. यावर अजून काही लिहायची गरज वाटत नाही.

आता तुमची बाजू. ती नाही असं मी म्हणत नाही. नवख्यांच्या तासाला कुणाचं तरी इन्स्टाग्राम हॅक करून द्या म्हणणारे येतात. एकच प्रश्न दर महिन्याला नव्या तोंडाने येतो. काहींना काली लिनक्स (हॅकिंगच्या साधनांनी भरलेली प्रणाली) इन्स्टॉल केलं की आपण रेड टीममध्ये, म्हणजे परवानगीने हल्ला करून बघणाऱ्यांत, गेलो असं वाटतं. नेटवर्क कसं चालतं, डीएनएस म्हणजे काय, हे शिकायची तयारी नसते. मार्गदर्शक म्हणून नाव दिलेले चार-पाच जणच सगळं ओढतात आणि तेही दिवसभर कुठलातरी इन्सिडन्स निस्तरून आलेले असतात. मागच्या वर्षी मी स्वतः दोन मुलांना ‘पुढच्या आठवड्यात बोलू’ म्हणून नंतर फोन केला नाही. थकवा खरा आहे. पण थकवा आला म्हणून आपण लॉगिंग बंद करत नाही, अलर्टचे नियम सुधारतो.

म्हणून मागण्या.

नवख्यांचा तास परत सुरू करा, आणि सभेच्या सुरुवातीलाच ठेवा. शेवटी ठेवलेला तास कधीच होत नाही.

अनुभवाची आणि शिफारशीची अट मागे घ्या. त्याऐवजी वागणुकीचे नियम एका कागदावर लिहून दारात लावा. नियम मोडणाऱ्याला बाहेर काढा, मग तो वीस वर्षांचा असो की वीस वर्षं अनुभवाचा.

परवानगीचं एक पान तयार करा. सराव कुठे करायचा, कुठे हात लावायचा नाही, काही सापडलं तर कुणाला आणि कसं कळवायचं. पहिला मसुदा मी देतो. कायद्याची बाजू जाणणाऱ्याने तो तपासावा.

मार्गदर्शनाचा उपक्रम बंद करू नका, लहान करा. एका ज्येष्ठाकडे एकच जण, सहा महिने, महिन्यातून दोन भेटी, आणि जमत नसेल तर स्पष्ट ‘नाही’ म्हणायची मुभा. लास वेगासच्या बीसाइड्स या सुरक्षा परिषदेत ‘प्रूव्हिंग ग्राउंड’ नावाने असंच चालतं: पहिल्यांदा व्याख्यान देणाऱ्याला एक अनुभवी वक्ता जोडून देतात आणि दोघं मिळून व्याख्यान उभं करतात. त्यांना जमतं. आपल्यालाही निदान दोन जोड्यांपासून सुरुवात करता येईल. शिकणाऱ्याकडूनही मागा: प्रश्न आणताना काय करून पाहिलं, काय अपेक्षित होतं आणि काय झालं, हे तीन ओळींत लिहून आणायचं. इन्स्टाग्रामवाले निम्मे तिथेच गळतील.

भरतीच्या टेबलावर बसणाऱ्यांना वेगळी विनंती. पहिल्या नोकरीच्या जाहिरातीतून पाच वर्षांची प्रमाणपत्रं काढून टाका. उमेदवाराला एक खराखुरा लॉग द्या आणि विचारा, ‘यात तुला काय खटकतं?’ मग गप्प बसून ऐका.

आणि शेवटची मागणी, कदाचित सगळ्यात जड. दर सभेत एका ज्येष्ठाने स्वतःची एक चूक उभं राहून सांगावी. पाच मिनिटं. पहिला क्रमांक माझा. ती वर लिहून झालीच आहे, पण समोर उभं राहून सांगणं वेगळं, ते मला ठाऊक आहे.

या मागण्यांवर पुढच्या सभेआधी लेखी उत्तर मिळावं. ‘बघू’ चालणार नाही.

उत्तर काहीही आलं तरी मी त्या दिवशी तासभर आधी येणार आहे. हॉलचं दार बंद असलं तर बाहेरच्या पायऱ्यांवर बसेन, लॅपटॉप उघडून, ४६२४ च्या नोंदी समोर घेऊन. ती मुलगी आता दुसरीकडे थ्रेट हंटिंग, म्हणजे दडून बसलेल्या घुसखोरांचा शोध, करते. तिला विचारलंय, येशील का म्हणून. तिने कळवलंय, “येते सर, पण टाइप ३ आणि १० मीच शिकवणार.”

आपला,
सभेचा एक जुना सभासद